वडाचं खोड आणि पारंब्या: सांधे सलग हवेत, पण फुगलेले नकोत (ब्लेंडर)

उलटी_फांदी

ब्लेंडर ४.२ (त्रिमितीय मॉडेलिंगचं सॉफ्टवेअर) मध्ये वडाचं झाड करायला घेतलं आहे. त्यातून दोन गोष्टी हव्यात: एक रेंडर (मॉडेलचं तयार चित्र) आणि १८० मिमी उंचीचा एफडीएम प्रिंट, म्हणजे वितळलेल्या प्लास्टिकच्या थरांचा ३डी प्रिंट (०.४ मिमीचा नॉझल, पीएलए प्लास्टिक). सीनमध्ये १ युनिट म्हणजे १ मिमी धरलं आहे. खोडाची त्रिज्या बुंध्याशी २० मिमी, मुख्य फांद्यांची ६ ते ९, पारंब्यांची १.५ ते ३. काही पारंब्या फांदीवरून सुटून सरळ जमिनीत जातात, काही खोडाला लागून उतरतात.

पारंबी जिथे फांदीतून निघते आणि जिथे खोडात विरते तिथे सलग वळण हवं आहे. अडचणी अशा:

मेटाबॉलच्या (जवळ आले की एकमेकांत मिसळणारे आकार) कॅप्सूल, म्हणजे गोल टोकांच्या नळ्या, टोकाला टोक लावून पारंबी केली की प्रत्येक जोडावर बांबूच्या पेरासारखी गाठ येते. शिवाय जवळजवळच्या दोन पारंब्या आपोआप चिकटतात.

स्किन मॉडिफायरमध्ये (रेषांच्या सांगाड्यावर कातडी चढवणारं साधन) तिरक्या कोनात निघणाऱ्या फांद्यांपाशी मेश (पृष्ठभागाची जाळी) चिमटल्यासारखी होते.

कर्व्हला (वक्र रेषेला) जाडी देऊन सगळं एकत्र करून व्हॉक्सेल रीमेश (छोट्या घनांवरून, म्हणजे व्हॉक्सेलवरून, मेश नव्याने बनवणं) मारला तर सांध्यात धारदार खाच राहते. ती घालवायला स्मूथ वाढवला की बारीक पारंब्या सुतळीसारख्या आक्रसतात.

यातला कुठला मार्ग पुढे न्यावा? आणि गाठी नेमक्या कशामुळे येतात?

घनमूळ

आधी गाठींचं बघू, कारण ते कळलं की बाकीचं निम्मं सुटतं.

मेटाबॉल म्हणजे पृष्ठभाग नव्हे, घनतेचं क्षेत्र. ही कल्पना जिम ब्लिन यांनी १९८२ साली मांडली ती रेणूंची इलेक्ट्रॉन घनता दाखवण्यासाठी. तिथे शेजारच्या अणूंच्या घनता एकमेकींत मिळवणं हेच बरोबर होतं. झाडाच्या फांदीला मात्र हा हिशेब लागू नाही. एका पारंबीचे दोन तुकडे जोडले म्हणून ती जोडावर जाड व्हायला नको.

ब्लेंडरमधलं सूत्र असं: त्रिज्येच्या पटीत अंतर घ्या, त्याचा वर्ग १ मधून वजा करा, उत्तराचा घन करा, त्याला स्टिफनेसने (घटकाच्या ताकदीने) गुणा. सगळ्या घटकांची बेरीज जिथे थ्रेशोल्डइतकी (ठरवून दिलेल्या मर्यादेइतकी) होते तिथे पृष्ठभाग. स्टिफनेस २ आणि थ्रेशोल्ड ०.६ असेल तर एकट्या घटकाचा पृष्ठभाग त्रिज्येच्या ०.५७५ पटीवर येतो. म्हणजे पॅनेलमध्ये २ लिहिलं तर डोळ्याला १.१५ दिसतं. तुम्हाला दिसणारी त्रिज्या २ मिमी हवी असेल तर ३.४८ लिहायला हवं.

आता दोन कॅप्सूलचं टोक एकाच बिंदूवर आणलं की तिथे दोन्हींची गोल टोकं एकावर एक येतात आणि घनता दुप्पट होते. पृष्ठभाग ०.५७५ वरून ०.६८५ पटीवर सरकतो. १९ टक्के जाडी वाढली, तीच तुमची गाठ.

उपाय: प्रत्येक जोडबिंदूवर तेवढ्याच त्रिज्येचा, तेवढ्याच स्टिफनेसचा एक बॉल ठेवा आणि त्याला निगेटिव्ह करा. एका रेषेतल्या, समान जाडीच्या दोन कॅप्सूलसाठी गाठ पूर्ण जाते, अंदाजाने नाही, गणिताने. जोडाच्या पलीकडे पहिल्या कॅप्सूलचं गोल टोक जेवढी घनता देतं, नेमकी तेवढीच हा बॉल काढून घेतो. वळणावर आतल्या बाजूला किंचित फुगवटा उरतो, तो चालून जातो. तीन कॅप्सूल एका बिंदूत येत असतील तर दोन निगेटिव्ह बॉल, किंवा दुप्पट स्टिफनेसचा एक. जाडी उतरती असेल तर जोडावर बारीक कॅप्सूलची त्रिज्या बॉलला द्या. मग जाडीतला फरक पायरी न पडता बारीक बाजूवर उतरतो. पारंबीचं टोक खोडाच्या पोटात खोल गाडलेलं असेल तर तिथे निगेटिव्हची गरज नाही.

चिकटण्याचं कारणही तेच. दिसणाऱ्या त्रिज्येच्या १.७४ पटीपर्यंत घटकाचा प्रभाव पोचतो. २ मिमी त्रिज्येच्या दोन समांतर पारंब्यांमधली फट साधारण ०.७५ मिमीहून कमी झाली की त्या जुळतात. स्टिफनेस १० करून (तेवढीच मर्यादा आहे) पॅनेलमधली त्रिज्या २.५६ वर आणली तर दिसणारी जाडी तीच राहते आणि जुळण्याची फट पाव मिमीवर येते. पण मग सांध्याचं वळणही तेवढंच आखूड होतं. स्टिफनेस २ वर खोडाचा प्रभाव तर २० च्या ऐवजी ३५ मिमीपर्यंत जातो, त्यामुळे खोडापासून दोनचार मिमीवर लोंबणारी पारंबी खोडाकडच्या बाजूने सुजते. थोडक्यात, मेटाबॉलमध्ये जाडी आणि मिसळण्याचं अंतर हे दोन वेगळे आकडे तुमच्या हातात नाहीत. म्हणून या कामाला मी मेटाबॉल वापरणार नाही. अमीबा, ढेकूळ, चिखलाचे थेंब यांना उत्तम.

तरी वापरलेच तर: रिझोल्यूशनचा आकडा (जाळीच्या एका घराचा आकार) युनिटमध्ये असतो. तो पारंबीच्या व्यासाच्या चौथाईपेक्षा मोठा ठेवला तर पारंबी तुटक दिसते किंवा गायबच होते. आकडा निम्मा केला की फेसची (मेशच्या तुकड्यांची) संख्या चौपट. एकत्र मिसळणाऱ्या ऑब्जेक्टची नावं टिंबापर्यंत सारखी हवीत. दोन गट मिसळायला नको असतील तर नावच बदला.

त्रिज्या_हवी

घनमूळ यांचं जाडी आणि मिसळण्याच्या अंतराबद्दलचं वाक्य इथे कळीचं आहे. जाडी एका आकड्याने ठरावी, मिसळणं दुसऱ्या, आणि कोण कोणात मिसळणार हे तिसऱ्या ठिकाणी ठरावं. हे तिन्ही सुटे मिळतात ते एसडीएफमध्ये, म्हणजे प्रत्येक बिंदूपासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर (आत ऋण, बाहेर धन) साठवणाऱ्या क्षेत्रात. दोन आकार जोडायचे म्हणजे दोन अंतरांतलं लहान घ्यायचं. सलग जोडायचे म्हणजे 'स्मूथ मिनिमम' घ्यायचं. ब्लेंडरच्या मॅथ नोडमध्ये (नोड म्हणजे एकमेकांना जोडायचे हिशेबाचे ठोकळे) तो पर्याय तयार आहे.

त्यातला डिस्टन्स हा आकडा, त्याला क म्हणू. दोन अंतरांतला फरक क पेक्षा जास्त असेल तिथे काहीही बदलत नाही. जाडी जशीच्या तशी. फरक शून्य असेल, म्हणजे नेमक्या सांध्यात, तिथे उत्तर क च्या सहाव्या भागाने खाली उतरतं. ब्लेंडरचं सूत्र घनाचं आहे म्हणून सहावा भाग. शेडरच्या (पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) जगात जास्त फिरणारं वर्गाचं सूत्र चौथा भाग उतरवतं. तिथले आकडे इकडे आणलेत तर वळण बारीक दिसेल, तेव्हा गोंधळू नका.

यावरून चिकटण्याचा हिशेबही सरळ निघतो. दोन पारंब्यांमधली फट क च्या तिसऱ्या भागाहून कमी असेल तर त्या जुळतील. क ६ मिमी असेल तर २ मिमीच्या आतली प्रत्येक फट बुजणार.

म्हणून सगळ्याला एकच क लावू नका. तीन वेगळी कर्व्ह ऑब्जेक्ट करा: खोड, फांद्या, पारंब्या. प्रत्येक गटाच्या आत साधं किमान, म्हणजे पारंब्या एकमेकींत मिसळणार नाहीत. गटागटांत स्मूथ मिनिमम.

नोड्स:

१) प्रत्येक कर्व्हवर रीसॅम्पल (ठरावीक अंतरावर बिंदू पाडणं), लेंग्थ मोडमध्ये. बिंदूंमधलं अंतर त्या गटातल्या सर्वांत बारीक त्रिज्येच्या निम्म्याहून जास्त नको. निम्मं ठेवलं तर पृष्ठभागावरची लहर त्रिज्येच्या ३ टक्के येते, १.५ मिमीच्या पारंबीवर ०.०५ मिमी. प्रिंटमध्ये ती दिसत नाही.

२) कर्व्ह टू पॉइंट्स करण्याआधी त्रिज्या नावाने साठवून ठेवा. एडिट मोडमध्ये ऑल्ट+एसने दिलेली जाडी हीच.

३) जॉमेट्री प्रॉक्सिमिटी, पॉइंट्सवर. त्यातून येणाऱ्या अंतरातून सर्वांत जवळच्या बिंदूची त्रिज्या वजा करा (सॅम्पल निअरेस्ट, त्याचा इंडेक्स सॅम्पल इंडेक्सला). ही झाली गटाची धन-ऋण चिन्हासहित अंतरं. हा तुकडा नोड ग्रुप करून तीनदा वापरा.

४) खोड आणि फांद्या: स्मूथ मिनिमम, क ८ ते १०. आलेलं उत्तर आणि पारंब्या: क ३ ते ४.

५) व्हॉल्यूम क्यूब. डेन्सिटीला १ वजा अंतर द्या, बॅकग्राउंड ०, आणि पुढच्या व्हॉल्यूम टू मेशमध्ये थ्रेशोल्ड १. आत-बाहेर असा नुसता ०/१ चा मुखवटा दिलात तर पृष्ठभागावर पायऱ्या पडतील, कारण पृष्ठभाग दोन व्हॉक्सेलच्या मध्ये कुठे बसतो ते ठरवायला चढती-उतरती संख्या लागते.

६) मिन-मॅक्सची पेटी झाडाच्या चहूबाजूंनी ३-४ मिमी मोठी. आकार पेटीला टेकला की तिथे भोक पडतं. बुंधा सपाट हवा म्हणून पेटीच्या तळाशी कापू नका. मुळं जमिनीच्या ५ मिमी खाली जाऊ द्या आणि शेवटी बायसेक्टने (सपाट छेद देणारं साधन) फिल लावून कापा.

व्हॉल्यूम क्यूब प्रत्येक व्हॉक्सेलला हिशेब करतो, रिकाम्या हवेतल्यासुद्धा. १६०×१६०×१९० मिमीची पेटी १ मिमीवर ४९ लाख व्हॉक्सेल. तेवढ्यावर काम करता येतं. ०.४ मिमीवर तीच पेटी ७ कोटी ६० लाखांवर जाते, नुसते आकडेच ३०० एमबी, शिवाय मधल्या टप्प्यांच्या प्रती. म्हणून काम १ वर आणि शेवटचा मेश ०.४ वर. मधे फाइल सेव्ह करायला विसरू नका.

उलटी_फांदी

१ मिमीवर करून पाहिलं. गाठी नाहीत, फांद्यांचे सांधे हवे तसे आले. दोन प्रश्न.

खोडाला लागून उतरणाऱ्या पारंब्यांपाशी खोड अख्ख्या उंचीभर जाड झालं आहे आणि पारंबी जवळजवळ दिसतच नाही. आणि फांदीतून निघताना वळण लांब हवं, पण खोडालगत खाच टिकायला हवी. एकाच क मध्ये दोन्ही कसं बसवायचं?

त्रिज्या_हवी

खोड जाड होतंय कारण पारंबीचा मध्य खोडाच्या आत किंवा नेमका पृष्ठभागावर आहे. लांबीभर दोन्ही अंतरं जवळपास सारखी, म्हणजे लांबीभर क/६ ची भर. पारंबीचा मध्य खोडाच्या पृष्ठभागापासून तिच्या त्रिज्येच्या ०.६ ते ०.७ पट बाहेर ठेवा. मग ती अर्ध्याहून जास्त बाहेर दिसते आणि खाचेला जागा उरते. कर्व्ह खोडावर श्रिंकरॅप करून (पृष्ठभागाला बिलगवून) ऑफसेटमध्ये हे अंतर द्यायचं.

दुसऱ्याचं उत्तर: डिस्टन्सच्या सॉकेटला आकडाच द्यायला हवा असं नाही, फील्ड, म्हणजे जागेप्रमाणे बदलणारी किंमत, चालतं. पारंबीच्या प्रत्येक बिंदूवर क स्वतःचा साठवा. स्प्लाइन पॅरामीटरचा फॅक्टर (कर्व्हच्या सुरुवातीला ०, शेवटी १) घ्या, फ्लोट कर्व्हमधून न्या: सुरुवातीला ६, पुढच्या १० टक्क्यांत १ वर उतरवा, शेवटच्या ५ टक्क्यांत पुन्हा ४. त्रिज्या जशी जवळच्या बिंदूवरून आणली तसाच क आणा. क शून्य करू नका, ०.५ तरी राहू द्या, नाहीतर खाचेत व्हॉक्सेलचे दाते दिसतात.

क अचानक बदलला तर पृष्ठभागावर कडी उमटते. उतार निदान ६-८ मिमी लांबीवर पसरवा.

क्रमाचंही लक्षात ठेवा. तीन आकारांत आधी कोणते दोन मिसळले यावर या सूत्राचं उत्तर थोडं बदलतं. मोठ्याकडून लहानाकडे हाच क्रम ठेवा.

खरवडणी

रीमेशचा मार्ग इतक्यात सोडू नका. ज्यांना नोड्सचा कंटाळा आहे आणि हाताने खरवडायचंच आहे त्यांना तोच जवळचा. फक्त स्मूथ सगळीकडे मारायचा नाही.

आक्रसण्याचं कारण: साधा स्मूथ प्रत्येक व्हर्टेक्सला (मेशच्या बिंदूला) शेजाऱ्यांच्या सरासरीकडे ओढतो, आणि ओढ वक्रतेच्या प्रमाणात असते. २ मिमी त्रिज्येची पारंबी २० मिमीच्या खोडापेक्षा दहापट वेगाने आत जाते. म्हणून फक्त खाचेत स्मूथ करायचा. खाच ओळखायची कशी? एज अँगल नोडचं साइन्ड (चिन्हासहित) उत्तर घ्या, खोलगट एजवर (दोन फेसमधल्या कडेवर) ते धन येतं. १५ अंशांहून (म्हणजे ०.२६ रेडियनहून) वर जे असेल तो मुखवटा. तो पॉइंट डोमेनवर साठवा, ब्लर ॲट्रिब्यूटने ६-८ वेळा पसरवा. मग पोझिशनलाच ब्लर ॲट्रिब्यूट लावा, वेट म्हणून तो मुखवटा, आवर्तनं २० पासून, आणि सेट पोझिशन.

याची मर्यादा सांगून ठेवतो. वळणाची रुंदी आवर्तनांच्या वर्गमुळाने वाढते. दुप्पट रुंद हवं तर चौपट आवर्तनं. आणि व्हॉक्सेलचा आकार बदलला की सगळे आकडे पुन्हा बसवावे लागतात, कारण इथे मिमी नाहीत, एजच्या पावलांत मोजणी आहे. क चा आकडा मिमीत असतो, ती सोय इथे नाही.

तुमच्या सीनमध्ये एक गोष्ट हमखास नडेल: रीमेशचा डिफॉल्ट व्हॉक्सेल ०.१ युनिट. तुमचं झाड १८० युनिट उंच, म्हणजे उभ्या दिशेला १८०० व्हॉक्सेल. कंट्रोल+आर दाबलं की मशीन गोठणार. आधी ०.५ करा, मग खाली या. सर्वांत बारीक व्यासाला पाच व्हॉक्सेल मिळाले म्हणजे पुरे; ३ मिमी व्यासाला ०.६ चालेल, वळणं सुबक हवीत म्हणून ०.४.

प्रिंटबद्दल, कोणी विचारलं नाही तरी:

हवेत संपणारी पारंबी एफडीएमवर अधांतरी सुरू होते, तिला सपोर्ट लागणारच, आणि तो काढताना पारंबीच तुटते. एकतर जमिनीपर्यंत न्या, नाहीतर खोडाला लावा. मोकळ्या उभ्या पारंबीचा व्यास ३ मिमीच्या खाली नको. उंच बारीक खांब नॉझलच्या धक्क्याने डुलतो आणि थर सरकतात. तळाशी क ४ ठेवलात तर पाय रुंद होतो आणि हा त्रास बराच कमी होतो. फांदीखालच्या सांध्यात लांब वळण असेल तर तिथला लटकता भाग ४५ अंशांच्या आत बसतो. रेंडरसाठी म्हणून आखूड केलेलं वळण प्रिंटमध्ये लोंबतं.

बायनरी एसटीएलमध्ये (प्रिंटसाठीच्या फाइलमध्ये) एका त्रिकोणाला ५० बाइट. दहा लाख त्रिकोण म्हणजे ५० एमबी. डेसिमेट (त्रिकोण कमी करणारं साधन) ०.३ लावून पाठवा, ०.४ च्या नॉझलला फरक कळत नाही.

चौकोनी_जाळी

स्किन मॉडिफायरच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. तो प्रत्येक व्हर्टेक्सभोवती चौकोनी चौकट उभारतो आणि शेजारच्या चौकटी जोडतो. दोन व्हर्टेक्समधलं अंतर त्यांच्या त्रिज्यांच्या बेरजेहून कमी झालं की चौकटी एकमेकींत घुसतात. तिरकी फांदी म्हणजे नेमकी हीच स्थिती. फांदीचा पहिला व्हर्टेक्स लांब न्या, ब्रांच स्मूदिंग वाढवा, एका व्हर्टेक्सवर तीनहून जास्त एज आणू नका. त्यावर सबडिव्हिजन (फेस विभागून पृष्ठभाग गुळगुळीत करणं). एवढं करूनही २० मिमी खोडाला १.५ मिमीची पारंबी नीट जोडली जाणार नाही. मुख्य फांद्यांचा कच्चा सांगाडा करायला मात्र याच्याइतकं झटपट दुसरं काही नाही.

हाताने सबडिव्हिजन मॉडेलिंग करायचं तर: खोडावर २×२ फेस काढा, भोकाला ८ व्हर्टेक्स मिळतात, लूपटूल्सने वर्तुळ करा, ८ बाजूंच्या फांदीशी ब्रिज करा. भोकाच्या चार कोपऱ्यांवर पाच एजचे पोल (नेहमीच्या चारऐवजी पाच एज मिळणारे बिंदू) येतात, ते टळत नाहीत. सबडिव्हिजन पृष्ठभागाची वक्रता या पोलवर सलग राहत नाही, चकचकीत मटेरियलवर तिथे प्रकाशाची रेघ मोडते. सालीच्या झाडावर कोण बघतंय. वळण किती रुंद हे सांध्याच्या दोन्ही बाजूंच्या पहिल्या एज लूपवरून ठरतं: लूप जवळ तर वळण घट्ट.

पण हिशेब करा. बुंध्याचा परीघ साधारण १२६ मिमी. १६ बाजूंचं खोड घेतलं तर एक फेस ७.९ मिमी रुंद, दोन फेसमध्ये ८ मिमी त्रिज्येची फांदी छान बसते. ४ मिमी व्यासाच्या पारंबीसाठी तसंच करायचं तर खोडाला ६०-६४ बाजू लागतील. झाड वाऱ्यावर हलवायचं नसेल, रिगिंग नसेल, तर या भानगडीत पडू नका. त्रिज्या_हवी यांचा मार्ग घ्या.

किरणवेध

फक्त रेंडर असतं तर पीओव्ही-रे (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र करणारा प्रोग्रॅम) सुचवलं असतं. तिथल्या ब्लॉबमध्ये (तिथला मेटाबॉल) गोलाबरोबर सिलिंडर हा घटक आहे, घनतेचं सूत्र घनाऐवजी वर्गाचं आहे, आणि मेशच नसल्यामुळे रिझोल्यूशनचा प्रश्न उद्भवत नाही. पृष्ठभाग त्रिज्येच्या किती पटीवर: थ्रेशोल्ड भागिले ताकद, त्याचं वर्गमूळ, ते १ मधून वजा, पुन्हा वर्गमूळ. थ्रेशोल्ड ०.२५ आणि ताकद १ घेतली तर ०.७०७. घनमूळ यांची निगेटिव्ह गोलाची युक्ती तिथेही जशीच्या तशी चालते: ताकद उणे १. प्रत्येक घटकाला स्वतःचं टेक्स्चर देता येतं आणि सांध्यात ती टेक्स्चर आपोआप एकमेकांत विरतात.

पण त्यातून एसटीएल निघत नाही. तुम्हाला प्रिंट हवा आहे, तेव्हा एवढंच.

हुडिनी (दुसरं एक त्रिमितीय सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी एक ओळ: व्हीडीबी फ्रॉम पॉलिगॉन्समध्ये (मेशवरून अंतराचं क्षेत्र करणारा नोड) अंतराची पट्टी डिफॉल्ट ३ व्हॉक्सेलची असते. ०.३ मिमी व्हॉक्सेलवर ती ०.९ मिमी झाली. त्यापलीकडे अंतर गोठलेलं असतं, म्हणून ४ मिमीचा क दिला तर वळण अर्ध्यात तुटून कडा दिसते. पट्टी निदान क भागिले व्हॉक्सेल एवढी करा, इथे १४.

घनमूळ

आकाराबद्दल थोडं, कारण तंत्र बरोबर असूनही झाड मेणाचं दिसण्याचा धोका आहे. वडाच्या जुन्या खोडाकडे बघा. खोडाला चिकटलेल्या पारंब्या पूर्ण विरघळत नाहीत. त्या उभ्या पन्हळी होऊन राहतात, खाचा खोल असतात, कधी दोन पारंब्यांच्या मध्ये आरपार फट राहते. सलग वळण दिसतं ते दोनच ठिकाणी: फांदीतून निघताना आणि जमिनीपाशी. फांदीवर निघण्याच्या जागी हलकी सूज असते, आणि मोकळी पारंबी जमिनीत रुजली की जाडावते, म्हणून कोवळ्या लोंबत्या आणि रुजलेल्या यांची जाडी सारखी ठेवू नका. क चा आलेख याच बेताने काढा. खोडालगत १ सुद्धा काही ठिकाणी जास्त वाटेल.

पारंब्यांच्या गटात आपसांत साधं किमान आहे ते इथे पथ्यावर पडतं. जिथे दोन पारंब्या खरंच एकजीव झालेल्या दाखवायच्या असतील तिथे तेवढ्या दोघींपैकी एक उचलून फांद्यांच्या गटात टाका.

उलटी_फांदी

क चा आलेख लावला, खोडालगत ०.८ ठेवला. खाचा टिकल्या, वरचे सांधे लांब आले. शेवटचं विचारून घेतो: सालीचं काय? व्हॉल्यूममधून आलेल्या मेशला यूव्ही (चित्र पृष्ठभागावर बसवण्याचा नकाशा) नाही.

त्रिज्या_हवी

रेंडरसाठी यूव्हीची गरज नाही. इमेज टेक्स्चर नोडमध्ये फ्लॅटऐवजी बॉक्स, ब्लेंड ०.२ ते ०.३, आणि व्हेक्टरला ऑब्जेक्ट कोऑर्डिनेट. बॉक्समध्ये चित्र ऑब्जेक्टच्या अक्षांप्रमाणे बसतं, त्यामुळे उभ्या खोडावर ठीक, आडव्या फांद्यांवर सालीच्या रेषा फांदीच्या लांबीला छेदून जातात. दिशा हवी असेल तर कर्व्हची टँजंट (त्या बिंदूवरची दिशा) त्रिज्येसारखीच जवळच्या बिंदूवरून आणून मेशवर साठवा आणि नॉइजचे कोऑर्डिनेट त्या दिशेने ५-६ पट ताणा. सांध्यात दोन दिशा भांडतात. तिथे ब्लर ॲट्रिब्यूट दहा वेळा आणि नंतर नॉर्मलाइझ.

प्रिंटसाठी नॉर्मल मॅपचा (उजेडाने खोलीचा नुसता भास देणारं चित्र) उपयोग नाही, खरी खोली लागते. व्हॉल्यूम टू मेशनंतर सेट पोझिशनने नॉर्मलच्या (पृष्ठभागाला लंब) दिशेला नॉइज द्या. ०.३ मिमीच्या आतली खोली थरांच्या रेषांत हरवते, ०.५ ते ०.८ ठेवा, आणि रेषांमधलं अंतर १ मिमीहून कमी नको. पारंब्यांवर खोली त्रिज्येच्या दहाव्या भागावर अडवा, नाहीतर १.५ मिमीच्या पारंबीचं सगळं अंग खाचांतच जाईल. खाचांच्या तळाशी नॉइज शून्य करा, नाहीतर दोन्ही बाजूंचे पृष्ठभाग एकमेकांत घुसतात आणि स्लायसर (मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर) तिथे चुकीची पोकळी धरतो. खरवडणी यांचा एज अँगलचा मुखवटा उलटा करून लावला की काम झालं.

खरवडणी

आणि साल दिल्यानंतर डेसिमेट, आधी नाही. एसटीएल काढण्यापूर्वी ३डी प्रिंट टूलबॉक्समध्ये नॉन-मॅनिफोल्ड (मेश कुठे उघडी किंवा चुकीची जोडलेली) आणि थिकनेस तपासा, थिकनेसची मर्यादा १.२ मिमी, म्हणजे नॉझलच्या तीन रेषा. लाल दिसेल तिथे क वाढवू नका, कर्व्हची जाडी वाढवा.